दोन थर पिवळा

१२ मार्च, मंगळवार
सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे

दादा,

आत्ता अण्णांच्या शर्टाची सहा बटणं लावून उठलो. पाच समोरची आणि एक डाव्या मनगटाचं. उजव्या मनगटाचं लावत नाही, पट्टीवरून बाही येत नाही. चौथ्या बटणाला ते म्हणाले, "अरे, बटण लावतोयस की नट कसतोयस?" मी हसलो नाही. आई हसली, मग तीही थांबली.

हे काम तुझं आहे. दोन महिने मी करतोय.

'दादा' असं लिहायचीही इच्छा नव्हती. पण आजवर तुला कधी दुसरं काही म्हटलेलं नाही, त्यामुळे ऐनवेळी सुचलं नाही.

सोबत एक कागद जोडलाय. तपासणी कार्यालयातून तुझ्या नावाने आला. तुझा परवाना कायमचा रद्द का करू नये, याची सुनावणी २९ एप्रिलला सोमवारी सकाळी अकरा वाजता आहे. हजर राहिला नाहीस तर तुला काही म्हणायचं नाही असं धरतील. तुला काही म्हणायचं नसतंच. ८ जानेवारीलाही नव्हतं.

तपासणीच्या साहेबांपुढे मी जबाब दिला, तेव्हा तू दाराशी उभा होतास. साहेबांनी विचारलं, पूल लावलेला होता का? मी सांगितलं, मी खाली जिन्यातल्या व्हॉल्व्हपाशी होतो, आवाज आला म्हणून धावत वर आलो, तेव्हा पूल जमिनीवर पडलेला होता. साहेबांनी लिहिलं, 'पूल लावलेला नव्हता.' मी वाचून पाहिलं, 'लावलेला'तला शेवटचा ला दोनदा पडला होता तो दुरुस्त करून घेतला आणि सही केली. तू ऐकत होतास. एक शब्द बोलला नाहीस.

पूल कशासाठी, हे मला शिकवलं कोणी? तूच. पाइपात गॅस आहे हे सगळ्यांना कळतं, वीजही असू शकते हे कुणाच्या डोक्यात येत नाही, असं म्हणायचास. कुणाचं तरी कपडे धुण्याचं मशीन बिघडतं, वीज गळायला लागते आणि गॅसच्या लोखंडी पाइपावरून वाट काढते. पाइप अखंड आहे तोवर ती मुकाट्याने रस्त्याखालच्या लाइनीत उतरून जाते. जोड उघडला की तिची वाट तुटते. मग ती ठिणगी होऊन उडी मारते, नाहीतर ज्याने दोन टोकं दोन हातांत धरलीत त्याच्या छातीतून जाते. म्हणून उघडण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन मगरचिमटे आणि मध्ये जाड हिरवी वायर. तो पूल. "मास्तर, पूल बांधल्याशिवाय नदीत पाय नाही," हे तुझंच वाक्य, आणि मास्तर हे मला पाडलेलं नावही तुझंच. मी वहीत लिहून ठेवलंय, तारखेसह.

आणि ८ जानेवारीला शिंपीणबाईंच्या घरी अण्णांनी पाना लावण्याआधी तुला विचारलं, "पूल?" तू म्हणालास, "लावलाय." बाईंनी ऐकलं. अण्णांनी ऐकलं. तुझ्यावर विसंबून त्यांनी दोन्ही हातांनी जोड ओढला, ठिणगी उडाली आणि पाइपात उरलेला गॅस भडकला.

उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, मिटणार नाहीत. भुवया मात्र परत आल्या.

आई विचारते, तू जेवतोस कुठे. मी तिला सांगितलं, मला काय माहीत.

तुझा भाऊ


२६ मार्च, मंगळवार
दुपारी एक वाजून दहा मिनिटे, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

पैसे आले. तुझी ही तिसरी मनीऑर्डर. मजकुराची जागा या वेळीही कोरी. तिथे वीस शब्द फुकट लिहू देतात, मी खिडकीवर विचारलं. म्हणजे तू पैसे वाचवत नाहीस, शब्द वाचवतोस.

अण्णा पैशांना हात लावत नाहीत. "कोणत्या हाताने लावू?" असं म्हणाले. आईने ते डब्यात ठेवले.

एक बातमी. माझं कार्ड झालं. आता मी एकटा जोडणी करू शकतो. तुझी हत्यारपेटी मी वापरतोय. अण्णांचा मोठा पाना त्यात नाही. तू घेऊन गेलास. बंदरावर वेल्डिंग करणाऱ्याला तो कशाला लागतो? ज्याचा हात घालवला, त्याचंच हत्यारही न्यायचं?

मुकादम माझ्यावर खूश आहे. परवा चार जणांदेखत म्हणाला, "पाइप बघा याचा. नवरीच्या हातासारखा पिवळाधमक. नाहीतर याचा भाऊ, गंज लपवायला नुसता ब्रश फिरवायचा." मी म्हटलं, माझ्या भावाबद्दल बोलू नका. तुझी बाजू घेतली असं समजू नकोस. तुझ्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा आहे, म्हणून म्हटलं.

पण रंगाचं त्याने खरं सांगितलं. गेल्या वर्षभरात एकेचाळीस घरांचं रंगकाम मी केलं. पहिला थर, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर, मग दुसरा थर. प्रत्येक घराची नोंद वहीत आहे. तू जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पाइप उघडा ठेवायचास, मीटरपाशीही ठेवायचास. मी विचारलं की म्हणायचास, "असू दे मास्तर, पाइपालाही श्वास घ्यायला जागा हवी." उत्तर झालं का हे? एका बाईंनी मला विचारलं होतं, "सगळा पाइप रंगवला आणि इथे काय रंग संपला का?" माझे कान तापले. त्या दिवसापासून मी एकही बोट उघडं ठेवलेलं नाही. तुझ्या बेफिकिरीची भरपाई मी करत आलोय, हे तुला कधी दिसलंच नाही.

सुनावणीला येणार आहेस की नाही? हो किंवा नाही. दोन अक्षरांच्या वर एकही शब्द नाही.

भाऊ


९ एप्रिल, मंगळवार
दुपारी चार वाजता, शिंपीणबाईंच्या जिन्यात बसून

दादा,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. 'अण्णांचा हात कसा आहे. तू काम सोडू नकोस.' मी काम सोडतोय असं कुठे लिहिलं होतं? तेव्हा मला कळलं नाही. आज कळलं. आणि आज मला इतका राग आलाय की पेन कागदातून पलीकडे जातंय. म्हणून वहीचा पुठ्ठा खाली घेतलाय.

क्रमाने लिहितो.

सकाळी एका घरी गॅसचा मीटर बदलायचा होता. माझंच रंगकाम, यादीतलं सव्विसावं घर. व्हॉल्व्ह बंद केला. पूल लावला. ८ जानेवारीपासून माझी एक खोड झालीय, पूल लावला तरी विश्वास बसत नाही. म्हणून विजेची वाट अखंड आहे का ते सांगणारा बीपवाला मीटर काढला, एक सुई चिमट्याला टेकवली आणि दुसरी जोडाच्या उघड्या आट्यांना. बीप यायला हवा. आला नाही.

मला वाटलं बॅटरी गेली. खाली जाऊन नवी आणली. नव्वद गेले. पुन्हा लावलं. नाही. सुया एकमेकींना टेकवल्या, बीप आला. म्हणजे मीटर बरोबर होता. चिमटा काढून बघितला. पाइपावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या, वर चार आणि खाली चार. सगळ्या पिवळ्या. एकही दात लोखंडापर्यंत गेलेला नव्हता.

दोन थर. मध्ये पॉलिश पेपर. कडक, एकसारखा, कुठेही न सुटलेला रंग. त्यातून वीज जात नाही.

मी चिमटा हातात धरून जमिनीवर बसलो. घरच्या आजींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "पोरा, गॅस चढला का?" मी म्हटलं, नाही आजी, रंग चढला. त्यांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

मग गॅसच्या मीटरपाशी वाकून बघितलं. तिथला पितळी क्लॅम्प, ज्यातून हिरवी-पिवळी वायर घराच्या अर्थिंगला जाते, तोही मीच बसवलेला. रंग वाळल्यावर, रंगावरून. दिसायला दागिना. घराचा सगळा पाइप अर्थिंगशी बांधलेला असायला हवा, तो कशाशीच बांधलेला नव्हता. मुकादमाने पास केलेला. तो साबणाचं पाणी लावतो, बुडबुडे नाहीत म्हणतो आणि सही करतो.

काम अर्धं टाकून मी इथे आलो. शिंपीणबाईंनी आत घेतलं. अपघातानंतर तो पाइप टोपण मारून तसाच ठेवलाय, बाई विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करतात. शिवणयंत्राच्या फळीखाली, मागच्या कोपऱ्यात, मी टॉर्च लावला.

जोडाच्या उजव्या बाजूला वर चार, खाली चार. डाव्या बाजूला वर चार, खाली चार. पिवळे.

तू पूल लावला होतास. तिथे चार बोटं उघडी असणार म्हणून अंधारात, न बघता, नेहमीच्या जागी चिमटे मारलेस. उघडं काही नव्हतं, कारण मी ठेवलं नव्हतं. अण्णा फेकले गेले तेव्हा त्यांचा पाय वायरीत अडकला असेल आणि पूल जमिनीवर आला. मी बघितला तो त्यानंतर.

बाई मशीनवर बाही जोडत होत्या. पायडल न थांबवता म्हणाल्या, "तुझा भाऊही असाच बसला होता की. दुसऱ्या दिवशी सकाळी. टॉर्च लावून, तासभर. मी चहा ठेवला तो गार झाला."

मी विचारलं, काही बोलला का?

"जाताना बोलला. म्हणाला, 'रंग छान दिलाय माझ्या भावाने.' मला वाटलं, बापाच्या हाताची ही दशा आणि याला रंग सुचतोय. मनात शिव्या घातल्या मी त्याला." मग त्यांनी पायडल थांबवलं. "का रे? असा का बघतोस?"

म्हणजे तुला माहीत होतं. ९ जानेवारीपासून माहीत होतं. साहेब ११ तारखेला आले. मी जबाब देत होतो, तेव्हा तू दाराशी उभं राहून माझ्याकडे बघत होतास, आणि तुला माहीत होतं.

कुणी सांगितलं होतं तुला मोठेपणा करायला? मी मागितला होता?

मी तीन महिने रोज सकाळी तुझ्या नावाने दात चावत बटणं लावली.


१६ एप्रिल, मंगळवार
सकाळी साडेदहा वाजता

दादा,

तुझं पत्र आलं. या वेळी दोन ओळी, प्रगती आहे. 'कुणाला सांगू नकोस. तुझं कार्ड नवीन आहे. माझं काय, मी इथे बरा आहे.'

तू बरा आहेस. मला असं बरं करायला नको होतं. आठवीत मी शाळा सोडली, तेव्हा फी भरायला पैसे नाहीत असं मला कुणी सांगितलं नाही. 'तुझी तब्येत नाजूक आहे' असं सांगितलंत. तेव्हाही दाराशी तू उभा होतास. या घरात मला काही कळू द्यायचं नाही असा नियम आहे का? मी काचेचा आहे का?

आणि एक सांगतो. तूसुद्धा चुकलास. पूल लावल्यावर बीप घ्यायचा, हेही तूच शिकवलं होतंस. त्या दिवशी तू घेतला नाहीस. तो घेतला असतास तर माझा रंग तिथेच उघडा पडला असता आणि तू मला चार शिव्या दिल्या असत्यास, बस. हे मला लिही. 'माझंही चुकलं' असं लिही. सगळी चूक एकट्याने घेऊन जायची आणि आमच्या वाट्याला काहीच ठेवायचं नाही, हा कोणता न्याय? चार बोटं का उघडी ठेवतोस, हे मला एकदा धड सांगितलं असतंस तर? पाइपाला श्वास! थट्टा सुचते तुला. थट्टेवर घर चालतं का?

रविवारी मी अण्णांना सांगितलं. जेवण झाल्यावर, आई भांडी घासत होती तेव्हा. मी उभा राहून सांगितलं. वहीतून वाचून दाखवलं, नाहीतर मध्येच थांबलो असतो.

ते बराच वेळ डाव्या हाताने टेबलावरचे कण गोळा करत बसले. मग म्हणाले, "किती थर?"

"दोन."

"मध्ये घासलं होतंस?"

"हो."

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. तोंडावर मारल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, "मी तीस वर्षं पाने मारतोय. दुसऱ्याने बांधलेल्या पुलावर आपण पाय ठेवायचा नाही, आधी स्वतः बघायचं. मी बघितलं नाही. थोरला म्हणाला लावलाय, म्हणून ओढलं. पोरगा खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं." त्यांनी गोळा केलेले कण पुन्हा पसरले. "आणि हात गेल्यावर मी त्याला काय म्हणालो? खोटारड्या, माझ्यासमोर येऊ नकोस."

आई नळ बंद करून उभी होती. म्हणाली, "मग आता त्याला बोलवा."

"मी बोलवणार नाही," अण्णा म्हणाले. "पण त्याला लिही, माझा मोठा पाना घेऊन गेलाय. हत्यार जागच्या जागी लागतं मला. आणून दे म्हणावं."

"तुम्हाला पाना कशाला हवाय आता?" आई म्हणाली.

"डाव्या हाताने पाठ खाजवता येते का बघायला," अण्णा म्हणाले. आई हसली आणि या वेळी थांबली नाही, पदराने डोळे पुसेपर्यंत हसत राहिली.

मी हसलो नाही. मला अजून राग आहे. तुझ्यावर, त्यांच्यावर. स्वतःवर किती, ते मोजायला माझ्याकडे मीटर नाही.

उद्या कार्यालयात जातोय. आता तू पत्र पाठवून अडवू शकत नाहीस, पोचायला तीन दिवस लागतात. हिशेब करूनच आज टाकतोय.


१९ एप्रिल, शुक्रवार
संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटे

दादा,

जबाब बदलला. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "आधीचा खोटा होता?" मी म्हटलं, नाही, आधी जे दिसलं ते लिहिलं, आता जे आहे ते लिहितोय. ते म्हणाले, यात तुझं कार्ड जाऊ शकतं. मी म्हटलं, माहीत आहे. सही ओळीवर आली.

मग वही पुढे ठेवली. एकेचाळीस घरं, पत्त्यांसह. साहेब पानं उलटत राहिले. म्हणाले, "एवढी नोंद ठेवणारा माणूस रंगावर क्लॅम्प बसवतो?" म्हटलं, नोंद ठेवणाराच बसवतो साहेब. दुसरा कुणी एवढा नीट रंग देतच नाही.

कार्ड सुनावणीपर्यंत जमा करून घेतलं. तुझं आणि माझं, दोन्हींचा निकाल २९ तारखेलाच. तू आला नाहीस तर दातांच्या खुणा त्यांना एकटा मी दाखवणार आणि साहेब म्हणणार, भावाला वाचवतोय. पूल लावला होता हे ज्याने लावला त्याच्या तोंडून यायला हवं. बीप घेतला नव्हता, हेही. दोन्ही तूच सांगायचंस. मी तुझ्या वाटचं बोलणार नाही. एकदा बोललो तेवढं पुरे.

मुकादम भडकला. "अरे गाढवा, एवढं खरं बोलण्याआधी मला विचारायचंस तरी!" मी म्हटलं, तुम्ही सही करण्याआधी मला विचारलं होतं का? त्यावर त्याने एकेचाळीस घरांचा खर्च माझ्यावर टाकला. साहेबांनी लेखी परवानगी दिलीय, गॅसचा एकही जोड उघडायचा नाही. वायरमन आधी घराची मेन बंद करतो, वीज नाही ना बघतो. मग मी क्लॅम्प काढतो, लोखंड चमकेपर्यंत खरवडतो, क्लॅम्प बसवतो, बीप घेतो. अण्णा सोबत येतात. काही करत नाहीत, स्टुलावर बसून बीप मोजतात. काल एका घरी बीप आला तरी म्हणाले, "परत घे." घेतला.

शिंपीणबाईंचं घर सगळ्यात आधी केलं. दातांच्या खुणांना हात लावलेला नाही, तेवढा भाग कापडाने बांधून ठेवलाय. शिवणयंत्राच्या मोटरमधून पाइपात वीज गळत होती, ती गळती वायरमनने दुरुस्त केली. बाई म्हणाल्या, तुझ्या भावाला सांग, गार झालेल्या चहाचा एक कप माझ्याकडे बाकी आहे.

जोडाच्या दोन्ही बाजूंना आता चार-चार बोटं उघडी आहेत. वाईट दिसतात. दिसू देत.

आजपर्यंतचा हिशेब खाली देतो. तू तपासून बघ, कारण मी तपासलेलं आता मलाच पुरत नाही.

खर्च झाला:
पॉलिश पेपर, बारा ताव – १८०
पितळी क्लॅम्प, नवे चार – १८०
वायरमनची मजुरी, नऊ घरं – ९००
मीटरची बॅटरी (गरज नव्हती) – ९०
गाडीचं तिकीट, एक, सोबत जोडलंय – ६४०
एकूण – १,९९०

देणं आहे:
वायरमनची मजुरी, उरलेली बत्तीस घरं – ३,२००
मुकादमाकडून उधार घेतलेले पिवळ्या रंगाचे दोन डबे – १,१००
तुझे चार वेळचे पैसे, आईच्या डब्यात, न मोडलेले – ८,०००
एकूण – १२,३००

येणं आहे:
अण्णांचा मोठा पाना – एक

तिकीट २८ तारखेचं आहे, तुझ्या गावाहून इथलं. परत केलं तर निम्मे पैसे कापतात. ३२० बुडवायची आपली ऐपत नाही.

मास्तर